गिव्ह अप, पुट ऑफ, हँड ओव्हर : विजयदुर्ग, बाळशास्त्री आणि इंग्रजी क्रियापदांच्या मागचा चिमुकला शब्द

१/
फेब्रुवारी १७५६. वाघोटण खाडीच्या मुखाशी, विजयदुर्गाच्या तटाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. ही घटना इंग्रजीत दोन प्रकारे सांगता येते. 'द फोर्ट वॉज सरेंडर्ड' हे एक वाक्य आणि 'दे गेव्ह अप द फोर्ट' हे दुसरे. पहिल्याचा अर्थ शब्दकोशात चटकन सापडतो. दुसऱ्यात मात्र 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. मग 'वर देणे' याचा अर्थ शरण जाणे कसा झाला?

२/
गिव्ह अप, पुट ऑफ, हँड ओव्हर, सेट आउट. साध्या क्रियापदाला एक चिमुकला शब्द चिकटतो आणि अर्थ भलतीकडे जातो. यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. मराठी शाळांतील पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि परीक्षेनंतर विसरल्याही. ही क्रियापदे आली कुठून, विजयदुर्गाच्या परिसराशी त्यांचा संबंध कोणता आणि ती मराठी माणसाला वाटतात तितकी परकी आहेत का, याचा हा इतिहास.

३/
आरंभ एप्रिल १७५५ पासून करावा लागतो. त्या महिन्यात कोकण किनाऱ्यावर कमोडोर विल्यम जेम्स याने आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. त्याच महिन्यात लंडनमध्ये सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु जे राज्य या किनाऱ्यावर पाय रोवू पाहत होते, त्याच्या भाषेची पहिली मोठी मोजदाद नेमकी त्याच वेळी पूर्ण झाली होती.

४/
जॉन्सन यांनी कोशाच्या प्रस्तावनेत एका अडचणीचा मुद्दाम उल्लेख केला आहे. इंग्रजीत क्रियापदापुढे एखादे अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची रीत इतर भाषांहून अधिक आहे आणि परक्यांना सर्वांत जड जाते ती हीच, असे त्यांचे निरीक्षण. दिलेल्या उदाहरणांत 'फॉल ऑन' म्हणजे हल्ला करणे, 'ब्रेक ऑफ' म्हणजे एकदम थांबणे, 'गिव्ह ओव्हर' म्हणजे सोडून देणे, 'सेट आउट' म्हणजे प्रवासास निघणे, अशा जोड्या आहेत. आरमारी मोहिमेचा वृत्तान्त लिहिताना लागतील अशीच ही क्रियापदे.

५/
जॉन्सन यांच्या कोशात एकट्या 'टेक' या क्रियापदाखाली शंभराहून अधिक अर्थ नोंदलेले आहेत. त्यांतील कित्येक अर्थ मागे येणाऱ्या अव्ययामुळे निर्माण झालेले. तरीही या जोड्यांना स्वतंत्र नाव नव्हते. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झाले ते १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे. त्यांना हे नाव ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले होते. म्हणजे वस्तू शेकडो वर्षांची, नाव मात्र शंभर वर्षांचे.

६/
इंग्रजीत हे घडले कसे? जुन्या इंग्रजीत असे शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी येत, आजच्या जर्मनमध्ये येतात तसे. कालांतराने ते मागे सरकले. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या बोलीनेही या बदलाला हातभार लावला असे मानतात. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबार आणि न्यायालय यांत फ्रेंच आली, विद्येत लॅटिन होतीच. घरात, शेतात आणि जहाजावर जुनी इंग्रजी चालू राहिली.

७/
त्यामुळे एकाच कृतीसाठी इंग्रजीत दोन-दोन शब्द झाले. 'गिव्ह अप' घरचा, 'सरेंडर' फ्रेंच वळणाचा. 'पुट ऑफ' घरचा, 'पोस्टपोन' लॅटिन वळणाचा. 'पुट आउट' घरचा, 'एक्स्टिंग्विश' पुस्तकी. तहनाम्यात, कायद्यात आणि ग्रंथांत दुसरा गट मिरवतो. डेकवर, बाजारात आणि स्वयंपाकघरात पहिला. मराठीतही 'प्रस्थान ठेवणे' आणि 'निघणे' यांत असेच अंतर आहे.

८/
आता पुन्हा विजयदुर्गाकडे. किल्ला एकच, कथा खरी आणि क्रियापदे रोजच्या वापरातली. पुढील इंग्रजी वाक्ये आजच्या सोप्या भाषेतली आहेत, जुन्या कागदांतून उचललेली नाहीत. परंतु त्यांतील प्रत्येक घटना इतिहासात घडलेली आहे. यादी पाठ करण्यापेक्षा घटनेला बांधलेले क्रियापद अधिक काळ लक्षात राहते.

९/
'द फ्लीट सेट आउट फ्रॉम बॉम्बे.' आरमार मुंबईहून निघाले.
ॲडमिरल वॉटसन याच्याकडे आरमार होते आणि रॉबर्ट क्लाइव्ह याच्याकडे जमिनीवरची फौज. पेशव्यांचे सैन्य खुष्कीने आले होते. १७५५ च्या करारानुसार जिंकलेले किल्ले पेशव्यांकडे जावयाचे होते. 'सेट आउट' मधील 'आउट' हा बाहेर पडण्याचा आहे. मराठीतही माणूस प्रवासाला 'बाहेर पडतो'. येथे अर्थ सरळ आहे, चिमुकला शब्द आपले मूळचे काम करीत आहे.

१०/
'अ फायर ब्रोक आउट ऑन वन शिप.' एका जहाजावर आग भडकली.
ते जहाज होते 'रिस्टोरेशन'. मूळचे मुंबईकर इंग्रजांचे, आंग्र्यांनी पूर्वी पकडलेले. इंग्रजांचा तोफगोळा त्यावर पडला आणि आगीने एकमेकांशेजारी नांगरलेले बहुतेक सारे आरमार गिळले. 'ब्रेक' म्हणजे मोडणे. पण 'ब्रेक आउट' म्हणजे कोंडलेले काही एकाएकी बाहेर फुटणे. आग, साथ, युद्ध, दंगल या सर्वांना हेच क्रियापद चालते. मराठीत साथ 'उद्भवते' आणि दंगल 'उसळते'. 'उत्' म्हणजे वर, हा उपसर्ग या दोन्हींत लपलेला आहे.

११/
'द गॅरिसन हेल्ड आउट टिल द नेक्स्ट इव्हनिंग.' शिबंदीने दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तग धरला.
'होल्ड' म्हणजे धरणे. मराठीतही या प्रसंगी धरणेच येते, 'तग धरणे' किंवा 'दम धरणे'. तुळाजी स्वतः त्या वेळी किल्ल्यात नव्हता. बोलणी करण्यासाठी तो मराठ्यांच्या छावणीत गेला होता. किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन होऊ नये म्हणून क्लाइव्हने आपली फौज किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मध्ये उतरवली होती.

१२/
'दे गेव्ह अप द फोर्ट.' त्यांनी किल्ला सोडला.
१३ फेब्रुवारी १७५६ च्या संध्याकाळी हे घडले. आत सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. 'वाटून घेणे' याला इंग्रजीत 'शेअर आउट' किंवा 'डिव्हाइड अप' म्हणतात. मराठी वाक्यातील 'घेणे' येथे काय करीत आहे, हे लक्षात ठेवावे. धाग्याच्या शेवटी तेच कामाला येईल.

१३/
'दे पुट ऑफ हँडिंग ओव्हर द फोर्ट.' किल्ला हवाली करणे त्यांनी लांबणीवर टाकले.
ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळावयास हवा होता. इंग्रजांनी तो आठ महिने सोडला नाही. या एका वाक्यात दोन जोड्या आहेत. 'हँड ओव्हर' मधील 'ओव्हर' एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा, 'पुट ऑफ' मधील 'ऑफ' दूर सारण्याचा. मराठीत आपण काम 'पुढे ढकलतो', इंग्रज ते 'दूर ठेवतो'. चित्र वेगळे, पण चित्र दोघांकडेही आहे.

१४/
'दे हँडेड ओव्हर विजयदुर्ग अँड हेल्ड ऑन टू बाणकोट.' त्यांनी विजयदुर्ग हवाली केला आणि बाणकोट हातचा सोडला नाही.
ऑक्टोबर १७५६ च्या तहाने हे ठरले. 'होल्ड आउट' म्हणजे तग धरणे, 'होल्ड ऑन टू' म्हणजे घट्ट धरून राहणे. क्रियापद एकच. राजकारणातला फरक मागच्या दोन-तीन अक्षरांनी दाखवला. नानासाहेब पेशव्यांच्या वकिलांना त्या आठ महिन्यांत हाच फरक प्रत्यक्ष अनुभवावा लागला.

१५/
या किनाऱ्यावर तोवर नामांची देवघेव जोरात होती. इंग्रजांनी आपल्या कागदांत गुराबेला 'ग्रॅब' आणि गलबताला 'गॅलिव्हॅट' केले. पोर्तुगिजांकडून मराठीने पगार, चावी, बटाटा, पाव घेतले. नाम हे मालासारखे असते, एका गलबतातून उचलून दुसऱ्यात ठेवता येते. क्रियापद तसे हलत नाही. ते वाक्याच्या सांध्यात बसलेले असते. म्हणून दोनशे वर्षांच्या शेजारानंतरही मराठीत पोर्तुगीज नामे भरपूर आणि क्रियापदे जवळपास नाहीत.

१६/
जहाजावर मात्र क्रियापदावाचून चालत नाही. शीड चढव, दोर सोड, नांगर उचल, हे सारे हुकूम क्रियापदांचेच. इंग्रजी जहाजांवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने असत. त्यांना हुकूम समजावेत म्हणून कॅप्टन थॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्याहून इंग्रजी-हिंदुस्तानी नौकानयन कोश काढला. म्हणजे अडचण दोन्ही बाजूंना होती. खलाशाला 'कास्ट ऑफ' म्हणजे दोर सोडणे हे शिकावे लागत होते, तर साहेबाला खलाशांची बोली.

१७/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि विजयदुर्ग कायमचा इंग्रजांकडे गेला. आता प्रश्न एका किल्ल्याचा उरला नव्हता. अर्ज, निवाडा, नोकरी, सनद या साऱ्यांच्या मागे एक नवी भाषा येऊन उभी राहिली. मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा सुरू झाल्या. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यासारखे लोक इंग्रजीतून मराठीत पुस्तके आणू लागले. त्यांची इसापनीती आणि 'बाळमित्र' १८२८ मधली.

१८/
याच काळात विजयदुर्गाच्याच देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचा एक मुलगा मुंबईस आला. बाळशास्त्री जांभेकर, जन्म १८१२. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक. घरी संस्कृत आणि मराठीचे शिक्षण झालेले. मुंबईत आल्यावर काही थोड्या वर्षांत त्याने इंग्रजीवर असे प्रभुत्व मिळवले की १८३० मध्ये तो सोसायटीचा डेप्युटी सेक्रेटरी झाला आणि १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर. वय बावीस. दादाभाई नवरोजी पुढे त्यांचे विद्यार्थी झाले.

१९/
त्या काळी 'शंभर फ्रेजल व्हर्ब' अशा नावाचे पुस्तक नव्हते, हे नावही जन्मले नव्हते. परंतु शास्त्र्याच्या घरी वाढलेल्या मुलाजवळ एक शिदोरी असे. संस्कृत व्याकरणात उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो, हे अगदी आरंभी शिकवतात. 'हृ' हा धातू एकच. पण प्रहार म्हणजे मारणे, आहार म्हणजे खाणे, संहार म्हणजे नाश, विहार म्हणजे फिरणे, परिहार म्हणजे टाळणे. 'टेक ऑफ', 'टेक ओव्हर', 'टेक अप' यांत याहून वेगळे काय आहे?

२०/
साम्य याहून खोल आहे. पाणिनीने उपसर्ग धातूच्या आधी येतो असा नियम सांगितला आणि लगेच वेदांपुरती सवलत दिली. वैदिक भाषेत उपसर्ग धातूच्या नंतरही येतो आणि दोहोंमध्ये दुसरे शब्दही येऊ शकतात. आता इंग्रजी पाहा. 'टेक ऑफ द टर्बन' हेही चालते, 'टेक द टर्बन ऑफ' हेही चालते. सर्वनाम आले की मात्र ते मधेच बसते. 'टेक इट ऑफ' बरोबर, 'टेक ऑफ इट' चूक. दोन दूरच्या चुलत भाषांनी जपलेली ही एकाच घराण्याची सवय.

२१/
६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्रींनी 'दर्पण' सुरू केले. मराठीतले हे पहिले वृत्तपत्र. आज महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. परंतु 'दर्पण'ची एक गोष्ट भाषा शिकणाऱ्याने विशेष पाहावी. त्याच्या पानावर दोन उभे स्तंभ असत, एक इंग्रजी आणि शेजारी मराठी. मराठी वाचकाला मराठीत वाचता यावे आणि राज्यकर्त्यांना येथील लोकांचे म्हणणे इंग्रजीत कळावे, असा दुहेरी हेतू होता.

२२/
या मांडणीने आणखी एक काम नकळत केले. इंग्रजी शिकणाऱ्या तरुणापुढे सुटा शब्द आणि त्याचा अर्थ अशी जोडी न येता, अख्खे वाक्य आणि शेजारी त्याचे अख्खे मराठी वाक्य असे येऊ लागले. दोन भाषांचे खरे मोजमाप वाक्याने होते. इंग्रजीत क्रियापदामागे अव्यय असेल, तर शेजारच्या स्तंभात मराठीने त्याच कामासाठी काय योजले, हे डोळ्यांना दिसते. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडले. शिकण्याची ती रीत मात्र फार थोड्यांनी पुढे नेली.

२३/
कारण पुढचा काळ व्याकरणाचा आणि कोशाचा होता. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आले आणि मराठीला इंग्रजी धर्तीची व्याकरणाची चौकट मिळाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. ही सारी कामे थोर आहेत. परंतु कोश उघडणारा विद्यार्थी शब्दासमोर शब्द शोधतो आणि फ्रेजल व्हर्ब नेमके दोन शब्दांच्या मधल्या फटीत राहते.

२४/
मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. आता इंग्रजी म्हणजे ग्रंथांची इंग्रजी. विद्यार्थी 'पोस्टपोन', 'सरेंडर', 'टॉलरेट' लिहिण्यात तरबेज झाला. 'पुट ऑफ', 'गिव्ह अप', 'पुट अप विथ' यांपुढे मात्र तो अडखळे, कारण ही क्रियापदे ग्रंथांपेक्षा बोलण्यात अधिक आणि बोलणारा साहेब गावात एखादाच. हिंदी लोक फार पुस्तकी इंग्रजी बोलतात, अशी जी थट्टा पुढे झाली, तिचे एक कारण येथे आहे. दोष बुद्धीचा नव्हता. त्यांना भाषेचा एकच मजला दाखवला गेला होता.

२५/
यानंतरचे नावही याच किनाऱ्यावरचे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, जन्म मालवण, १८३७. त्यांनी १८७७ मध्ये मुंबई विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली आणि संस्कृतपासून प्राकृतांमधून मराठीसारख्या भाषांपर्यंत शब्द कसे झिजत आले याचा माग काढला. या झिजण्यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. 'उठणे' हे 'उत्' आणि 'स्था' यांच्या जोडीतून आले, 'बसणे' हे 'उप' आणि 'विश्' यांतून. म्हणजे 'गेट अप' मधला 'अप' मराठीतही होता. तो क्रियापदात विरघळला.

२६/
उपसर्ग विरघळल्यावर अर्थाच्या छटा दाखवण्यासाठी मराठीने दुसरी सोय केली. एका क्रियापदामागे दुसरे क्रियापद जोडण्याची. खाल्ले, खाऊन टाकले, खाऊन घेतले, खाऊन बसला. बोलला, बोलून टाकले, बोलून दाखवले, बोलून बसला. यांत 'टाकणे' काही फेकत नाही आणि 'बसणे' बूड टेकत नाही. काम पुरे झाले, स्वतःसाठी केले, करून पस्तावला, अशा छटा ही दुय्यम क्रियापदे दाखवतात. व्याकरणात त्यांना संयुक्त क्रियापदे म्हणतात.

२७/
आता दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहाव्यात, 'दर्पण'च्या स्तंभांसारख्या.
ईट अप : खाऊन टाकणे
फाइंड आउट : शोधून काढणे
रीड आउट : वाचून दाखवणे
राइट डाउन : लिहून ठेवणे, लिहून घेणे
गिव्ह अवे : देऊन टाकणे
बर्न डाउन : जळून जाणे
ड्राइव्ह आउट : हाकलून देणे, हुसकून लावणे
इंग्रजीत मागून अव्यय येते, मराठीत मागून क्रियापद येते. काम तेच.

२८/
शिवाय मराठीकडे इंग्रजीच्या अगदी साच्याच्या जोड्याही आहेत. विधान 'मागे घेणे' म्हणजे 'टेक बॅक'. शर्यतीत 'मागे पडणे' म्हणजे 'फॉल बिहाइंड'. संकटातून 'बाहेर येणे' म्हणजे 'कम थ्रू' किंवा 'कम आउट'. 'पुढे येणे' म्हणजे 'कम फॉरवर्ड'. 'मागे' आणि 'पडणे' हे दोन शब्द माहीत असलेल्या परक्या माणसाला 'तो अभ्यासात मागे पडला' हे वाक्य तितकेच कोड्यात टाकील, जितके 'गिव्ह अप' मराठी मुलाला टाकते.

२९/
अर्थात सर्व जोड्या अशा उलगडत नाहीत. 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. यात 'पुट', 'अप', 'विथ' तिन्ही निमूट असतात आणि अर्थ चौथाच निघतो. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. अशा जोड्या वाक्यासकटच शिकाव्या लागतात. 'शी लुक्स आफ्टर हर ग्रँडमदर', ती आजीला सांभाळते. मराठीतील 'डोळेझाक करणे' किंवा 'हात टेकणे' यांचा अर्थ तरी कोणते मूल सुट्या शब्दांतून लावते?

३०/
ही अडचण केवळ मराठी माणसाची नाही. १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी परक्यांसाठी 'बेसिक इंग्लिश' तयार केली. शब्द फक्त ८५० आणि क्रियापदे अवघी १८. बाकीची हजारो क्रियापदे वगळून 'गिव्ह अप', 'पुट ऑफ' अशा जोड्यांवर काम भागवायचे. कागदावर योजना सोपी वाटली. परंतु शिकणाऱ्याने शब्द जरी ८५० शिकले, तरी त्यांच्या जोड्यांचे अर्थ वेगळे शिकावेच लागत. जॉन्सन यांनी १७५५ मध्ये दाखवलेली गाठ पावणेदोनशे वर्षांनीही सुटली नव्हती.

३१/
महाराष्ट्रात बराच काळ 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' हीच इंग्रजीची वाट होती. मराठी वाक्य वाचावे, त्याचे इंग्रजी करावे, मग उलट करावे. पुढे ती पद्धत जुनाट ठरली. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. तरीही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत फ्रेजल व्हर्बच्या याद्या आजही सुट्याच छापल्या जातात. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि मधे वाक्य नाही.

३२/
गंमत अशी की आजच्या मराठीने या जोड्या स्वतःच पचवल्या आहेत. लॉग इन केले, बॅकअप घेतला, ब्रेकअप झाला, विमानाने टेक ऑफ केले, विरोधकांनी वॉकआउट केला. पोर्तुगिजांच्या काळी जे घडले तेच पुन्हा घडले. मराठीने परके क्रियापद घेतले ते नाम करून आणि त्यामागे आपले करणे, घेणे, होणे जोडले. परका शब्द आला तरी वाक्याचा सांधा मराठीच राहिला.

३३/
बाळशास्त्री मे १८४६ मध्ये वारले, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. इंग्रजी शिकण्यासाठी त्यांना आपली भाषा बाजूला ठेवावी लागली नाही. त्यांनी दोन्ही एका पानावर आणल्या. आज मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना वाटते की आपली मराठी इंग्रजीच्या आड येते. निदान या क्रियापदांच्या बाबतीत तरी हे खरे नाही. ज्याला 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले' यांतला फरक कळतो, त्याला 'ईट' आणि 'ईट अप' यांतला फरक आधीच ठाऊक असतो. तो फक्त कोणी दाखवून दिलेला नसतो.

३४/
आता पहिल्या वाक्याकडे. 'दे गेव्ह अप द फोर्ट.' येथला 'अप' वर जाणारा नाही. 'ईट अप', 'यूज अप', 'बर्न अप' यांत असतो तोच, काम पूर्णत्वास नेणारा, मागे काही न ठेवणारा. मराठीत हे काम 'टाकणे' करते. म्हणून या इंग्रजी वाक्याचे सर्वांत जवळचे मराठी 'त्यांनी शरणागती पत्करली' हे नव्हे. ते असे आहे : त्यांनी किल्ला देऊन टाकला.